दुकानदाराच्या लॅपटॉपची पारख

बैल विकत घेतांना शेतकरी त्याचे दांत पाहतो, खूर पाहतो, त्याला दोन पावलें चालवून पाहतो आणि मगच किंमतीची गोष्ट काढतो. हळदीचा व्यापारी कांडी मोडून आंतला रंग पाहतो. धान्याचा आडत्या पोत्यांत खोल हात घालून तळचा दाणा वर काढतो. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवानें या पारखीचे नियम ठरून गेले आहेत. परंतु हाच व्यापारी लॅपटॉप घ्यावयास शहरांतल्या दुकानांत गेला म्हणजे त्याची ही सर्व पारख थिटी पडते. यंत्र मोडून पाहतां येत नाहीं. विक्रेता सांगेल ते आंकडे ऐकून घ्यावे लागतात. आणि शेवटीं डब्यावरील मोठा आंकडा व त्याखालची लहान किंमत यांच्या तुलनेवरच निर्णय होतो. पुष्कळदां तर हा निर्णय शहरांत नोकरीस असलेल्या पुतण्यावर किंवा भाच्यावर सोंपविला जातो. "तुला यांतलें कळतें, तूंच पाहून घे व पाठवून दे," असा काकांचा निरोप येतो, आणि पुतण्या आपल्या कचेरींतल्या कामास जें योग्य तेंच काकांच्या दुकानासाठीं घेऊन मोकळा होतो. चूक होते ती बहुधा येथेंच. कारण यंत्राची पारख यंत्राकडे पाहून करावयाची नसून तें जेथें राहणार, तेथल्या कामाकडे पाहून करावयाची असते.

या विषयाचा विचार एखादें गांव व एखादा धंदा डोळ्यांपुढें ठेवून केला तर तो अधिक उपयोगी पडेल. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यांत पूर्णा नदीवर सिद्धेश्वर आहे. वरच्या अंगास येलदरीचें धरण व खालच्या अंगास सिद्धेश्वरचें, अशीं पूर्णा प्रकल्पाचीं दोन धरणें १९६० च्या दशकांत उभीं राहिलीं. सिद्धेश्वरचा मातीचा बांध सहा किलोमीटरांहून अधिक लांब आहे. या पाण्यावर परभणी, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांतील शेतें भिजतात. वसमतचा साखर कारखाना, हिंगोली व वसमत येथील हळदीच्या मोठ्या बाजारपेठा आणि गांवोगांवचीं खतांचीं व बियाण्यांचीं दुकानें हा सारा पसारा शेती व पाणी यांच्या आधारानें वाढलेला आहे. अशा मुलखांतील खत-बियाण्यांचा एक दुकानदार आपल्या पेढीसाठीं लॅपटॉप घेऊं पाहत आहे अशी कल्पना करावी, व त्याच्या गादीवर बसूनच यंत्राची परीक्षा करावी.

घडी घालून नेतां येणारा संगणक ही वस्तु फार जुनी नाहीं. १९८१ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलेला 'ऑस्बोर्न १' हा संगणक उचलून नेण्याजोगा म्हणून गाजला, परंतु त्याचें वजन सुमारें ११ किलो होतें व त्याचा पडदा अवघा पांच इंचांचा होता. पडदा पेटीच्या झांकणाप्रमाणें खालीं मिटून ठेवावयाची रचना दुसऱ्याच वर्षीं 'ग्रिड कंपास' या यंत्रांत आली. ती बिल मॉग्रिज या रचनाकाराची. आजचे लॅपटॉप त्याच घडणीचे आहेत. वजन मात्र दीड-दोन किलोंवर उतरलें आहे आणि शक्ति तर इतकी वाढली आहे कीं, सामान्य दुकानाच्या हिशेबास ती पुरून उरते. ही शेवटची गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. शक्ति कमी पडेल या भीतीनें माणूस जेथें जास्त पैसे घालतो, तेथें बहुधा त्यांची गरज नसते. आणि जेथें गरज असते, तेथें हात आंखडतो.

दुकानाचें काम तरी काय असतें? बिलें करणें, मालाची आवक-जावक मांडणें, उधारीचें खातें ठेवणें, बँकेचे व्यवहार पाहणें आणि कराचीं विवरणपत्रें भरणें. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर लागू झाल्यापासून हें काम अधिक नाजूक झालें आहे. पेरणीच्या बियाण्यांवर हा कर नाहीं, रासायनिक खतांवर ५ टक्के आहे व रासायनिक कीटकनाशकांवर १८ टक्के आहे. एकाच गिऱ्हाइकाच्या एकाच बिलांत हे तिन्ही प्रकार येऊं शकतात. पूर्वीचा मुनीम कीर्द लिहून रात्रीं खतावणी करीत असे. आतां तें काम हिशेबाची संगणकीय प्रणाली क्षणांत करते. परंतु या कामांत गणिताचें ओझें फार थोडें आहे. चलच्चित्रें संपादणाऱ्यास किंवा इमारतींचे आराखडे काढणाऱ्यास जें बलाढ्य यंत्र लागतें, तें येथें निरुपयोगी ठरतें.

यंत्राच्या आंतील तीन प्रमुख अंगें पेढीच्याच दृष्टांतानें समजून घेतां येतील. प्रोसेसर म्हणजे मुनिमाचें डोकें. मेमरी म्हणजे त्याच्या पुढ्यांतलें मेज. आणि डिस्क म्हणजे मागची दप्तराची खोली. मुनीम कितीही हुषार असला तरी मेज वीतभर असेल तर दर घटकेस एक वही उचलून आंत ठेवावी व दुसरी काढावी लागेल. म्हणून मध्यम प्रतीचा, अलीकडच्या दोन-तीन वर्षांतला प्रोसेसर दुकानास पुरतो. मेमरी मात्र आठ जीबीहून कमी नसावी, आणि यंत्र पांच-सहा वर्षें वापरावयाचें असल्यास ती सोळा असलेली बरी. येथें एक प्रश्न अवश्य विचारावा: मेमरी पुढें वाढवितां येते कीं नाहीं? अनेक सडपातळ लॅपटॉपांत ती मुख्य फळीस डांख देऊन जोडलेली असते व मागाहून बदलतां येत नाहीं. दप्तराची खोली जुन्या पद्धतीची, म्हणजे फिरत्या तबकड्यांची, नसावी. एसएसडी नांवाची, फिरता भाग नसलेली डिस्क असावी. ती अनेक पटींनीं वेगवान असते व हादऱ्यांनीं सहसा बिघडत नाहीं. दुकानाच्या हिशेबास ५१२ जीबी जागा कित्येक वर्षें पुरते.

येथवरची माहिती डब्यावर छापलेली असते. यापुढची छापलेली नसते, आणि खरी पारख तेथूनच सुरू होते.

पहिली गोष्ट उष्म्याची. पुष्कळ लॅपटॉपांच्या माहितीपत्रकांत एका कोपऱ्यांत बारीक अक्षरांत लिहिलेलें असतें कीं, यंत्र ५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानांत वापरावें. मराठवाड्यांतील मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या छपराखालील दुकानांत तर विचारावयासच नको. यंत्र तापलें म्हणजे आंतील प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपली गति कमी करतो, आणि महाग यंत्रही स्वस्तासारखें चालूं लागतें. खताची व पोत्यांची धूळ हवेच्या झरोक्यांत बसली म्हणजे त्यांत भर पडते. शहरांतील थंड केलेल्या दालनांत दोन मिनिटें हाताळलेल्या यंत्रावरून यांतलें कांहींच कळत नाहीं. म्हणून झरोके कोठें आहेत, तळाशीं असल्यास यंत्र गादीवर ठेवतांच ते झांकले तर जाणार नाहींत ना, व तळाचें झांकण साध्या पेंचानें उघडून धूळ काढतां येते कीं नाहीं, हें पाहावें. गादीऐवजीं लांकडी पाटावर यंत्र ठेवण्याची साधी संवयही त्याचें आयुष्य वाढविते.

दुसरी गोष्ट विजेची. वीज गेली तरी लॅपटॉप चालू राहतो, हा त्याचा मोठा गुण. परंतु किती वेळ, हें जाहिरातींतील तासांवरून ठरवूं नये. बॅटरीवर तिची साठवण वॉट-अवर या मापांत लिहिलेली असते. पन्नास वॉट-अवरची बॅटरी असेल आणि बिलें करतांना यंत्र सरासरी दहा वॉट वीज घेत असेल, तर तें पांच तास चालेल. पडद्याचा उजेड वाढविला कीं हें मान घटेल. लिथियम-आयन बॅटरी १९९१ सालीं प्रथम बाजारांत आली आणि तिच्या जनकांस २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पण इतक्या कीर्तीच्या या बॅटरीसही उष्मा मानवत नाहीं. तापलेल्या जागीं सदैव पूर्ण भरलेली ठेवल्यास ती लवकर क्षीण होते. कित्येक व्यापारी यंत्रांत ती ऐंशी टक्क्यांपर्यंतच भरावी अशी सोय असते. ती आहे का, हें विचारावें. बॅटरी बदलावयास किती खर्च येईल, हेंही खरेदीपूर्वींच विचारावें. शिवाय, वीज गेल्यावर लॅपटॉप चालला तरी छपाईचें यंत्र व इंटरनेटची पेटी बंद पडतात, हें विसरूं नये. त्यांच्यासाठीं लहानसा इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीचे पांच तास बिल छापण्याच्या कामीं येत नाहींत.

तिसरी गोष्ट हाताची व डोळ्याची. दिवसांतून शेंकडों वेळां आंकडे टिपावयाचे असल्यास आंकड्यांचा स्वतंत्र चौक उजव्या हातास असलेला कळफलक सोयीचा, आणि तो बहुधा साडेपंधरा इंची यंत्रांतच मिळतो. हें यंत्र थोडें अवजड असतें. पण दुकानांतून घरीं व घरून दुकानांत एवढाच ज्याचा प्रवास, त्यास त्याचें काय? पडदा चकचकीत नसावा. उघड्या दाराच्या दुकानांत त्यांत आंकड्यांऐवजीं रस्ताच दिसूं लागतो. छपाईचें यंत्र, बारकोड वाचणारें यंत्र, बोटाचा ठसा घेणारें यंत्र व माऊस यांच्या जोडण्यांसाठीं पुरेशीं भोकें आहेत कीं नाहींत, हें मोजून घ्यावें. सडपातळपणाच्या हव्यासानें कांहीं यंत्रांत दोनच राहिलीं आहेत.

चौथी गोष्ट मराठीची. शेतकऱ्याच्या हातांत पडणारें बिल त्याला वाचतां आलें पाहिजे. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचें मोठें कार्य पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनें केलें. ती संस्था १९८८ सालीं स्थापन झाली. १९९१ सालीं भारतीय लिप्यांच्या संकेतांचें राष्ट्रीय प्रमाण ठरलें, आणि त्याच वर्षीं युनिकोड या जागतिक संकेतपद्धतीच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस स्थान मिळालें. तरीही जुन्या पद्धतीचे टंक वापरणाऱ्या प्रणाली अद्याप आढळतात. त्यांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला म्हणजे अक्षरांचा नुसता गोंधळ दिसतो. याची परीक्षा अगदीं सोपी आहे. खरेदी करतांना हिशेबाच्या प्रणालींत 'शेतकऱ्यांची उधारी' आणि 'हळद' हे शब्द लिहावे, ते कागदावर छापावे, आणि तीच नोंद दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. 'ऱ्या' आणि 'ळ' हीं अक्षरें दोन्हीकडे शाबूत राहिलीं तर मराठीची बाजू पक्की समजावी.

स्वस्त म्हणून वापरलेलें यंत्र घेण्याचा मोह पडतो, आणि तो सर्वस्वीं गैर नाहीं. मोठ्या कचेऱ्यांतून तीन-चार वर्षांनीं निघालेले व्यापारी लॅपटॉप पुष्कळदां नव्या स्वस्त यंत्रांहून दणकट असतात. परंतु 'विंडोज १०' या प्रणालीची मोफत देखभाल मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपविली. सुरक्षिततेच्या नव्या दुरुस्त्या ज्याला मिळत नाहींत, अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणें म्हणजे कुलूप गंजलेल्या तिजोरींत रोकड ठेवणें होय. म्हणून जुनें यंत्र 'विंडोज ११' स्वीकारतें कीं नाहीं, हें पडद्यावर प्रत्यक्ष पाहिल्यावांचून तें घेऊं नये.

आतां किंमतीकडे वळावें. दोन यंत्रें समोर आहेत असें धरूं. एक ४१,३०० रुपयांचें, एका वर्षाच्या हमीचें व साडेतीन वर्षें टिकणारें. दुसरें ५९,००० रुपयांचें, तीन वर्षांच्या हमीचें व पांच वर्षें टिकणारें. लॅपटॉपवरील कर १८ टक्के असल्यानें पहिल्याची मूळ किंमत ३५,००० व दुसऱ्याची ५०,००० होते. करदात्या दुकानदारास यंत्रावरील कराची वजावट मिळत असेल, तर दोन्ही यंत्रें वर्षास दहा हजारांप्रमाणेंच पडतात. महाग दिसणारें यंत्र येथें महाग ठरत नाहीं. मात्र ही वजावट आपोआप पदरांत पडत नाहीं. बिल दुकानाच्या नांवें व दुकानाच्या कर-क्रमांकासह असलें पाहिजे. पुतण्यानें स्वतःच्या नांवें घेतलेल्या यंत्रावर काकांस ती मिळणार नाहीं. आपसमेळ योजनेखालीं कर भरणाऱ्यास ती मिळत नाहीं, आणि बियाण्यांसारख्या करमुक्त विक्रीच्या प्रमाणांत ती कमी होते. हा हिशेब आपल्या कर-सल्लागाराकडून आधीं करून घ्यावा.

हमीचीं वर्षें मोजतांना तिचा प्रकारही पाहावा. एका प्रकारांत यंत्र दुरुस्ती-केंद्रांत नेऊन द्यावें लागतें. दुसऱ्यांत कारागीर दुकानीं येतो. दुसऱ्या प्रकारांतही आपला पिन कोड त्या सेवेच्या कक्षेंत आहे का, हें लेखी विचारून घ्यावें. पुण्या-मुंबईच्या ग्राहकास या भेदाचें महत्त्व वाटणार नाहीं. पण सिद्धेश्वरच्या परिसरांतील दुकानदाराचा वर्षाचा बराचसा धंदा मृगाच्या आगेमागें होतो. पहिला पाऊस पडला, शेतकरी दारांत उभे आहेत, आणि यंत्र दूरच्या शहरीं दुरुस्तीस गेलेलें आहे, या प्रसंगीं झालेलें नुकसान यंत्राच्या किंमतीहून मोठें असूं शकतें. म्हणून खरेदी मृगाच्या तोंडावर न करतां उन्हाळ्याच्या आरंभींच करावी. नव्या यंत्राचे दोष धंद्याच्या हंगामापूर्वींच उघडे पडतात.

इतकें सारें पाहूनही एक प्रश्न उरतो, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. यंत्र मेलें तर हिशेबाचें काय? वस्तु व सेवा कराच्या कायद्यानें हिशेबाचीं पुस्तकें वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जतन करावीं लागतात. २०२५-२६ या वर्षाची ती मुदत ३१ डिसेंबर २०२६ ही धरली, तर एप्रिल २०२५ मधील नोंद २०३२ च्या डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे पावणेआठ वर्षें, सांभाळली पाहिजे. लॅपटॉप तितका काळ सहसा टिकत नाहीं. हिशेबाचें आयुष्य यंत्राच्या आयुष्याहून मोठें आहे. तेव्हां एका यंत्रांतून दुसऱ्यांत हिशेब सुखरूप नेतां येणें हाही यंत्राच्या पारखीचाच भाग मानला पाहिजे. कायदा बाजूस ठेवला तरी उधारी राहतेच. पीक हातीं आल्यावर फेडीन, या शब्दावर दिलेल्या खताचा पुरावा त्या खात्यावांचून दुसरा नसतो. तें खातें नाहींसें झालें तर दुकानदाराची रक्कम जाते, आणि ज्यानें ती प्रामाणिकपणें फेडली आहे, त्या शेतकऱ्याची फेडही सिद्ध होत नाहीं.

पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मोडी कागद दोनशें-अडीचशें वर्षांनींही वाचतां येतात, त्यांतूनच गो. स. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. कागदास वाळवी लागते, पण ती हळूहळू लागते. डिस्क मात्र एका क्षणांत मुकी होते. त्यांत आणखी एक नवी गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. विंडोज ११ असलेल्या अनेक नव्या लॅपटॉपांत, मायक्रोसॉफ्टच्या खात्यानें प्रवेश केला कीं, डिस्कवरील मजकूर आपोआप कूटरूपांत साठविला जातो. यंत्र चोरीस गेलें तरी चोरास हिशेब वाचतां येऊं नये, असा यांतला चांगला हेतु आहे. परंतु मुख्य फळी बिघडल्यास ४८ अंकी पुनःप्राप्ति-किल्लीवांचून खुद्द मालकासही तो वाचतां येत नाहीं. ही किल्ली त्या खात्यांत राहते, आणि तें खातें अनेकदां विक्रेत्यानें किंवा पुतण्यानें आपल्याच पत्त्यावर घाईनें उघडून दिलेलें असतें! म्हणून खातें दुकानदाराच्या स्वतःच्या नांवें उघडावें, ते ४८ अंक कागदावर उतरून घ्यावे, आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवींत न ठेवतां घरच्या तिजोरींत ठेवावा.

हिशेबाच्या प्रती किमान तीन असाव्या: एक यंत्रांत, एक वेगळ्या डिस्कवर दुकानाबाहेर, आणि एक इंटरनेटद्वारां दूरच्या भांडारांत. बाहेरची डिस्क सदैव यंत्रास जोडून ठेवूं नये. नाहीं तर विजेचा एकच तडाखा किंवा एकच घातक विषाणु दोहोंचा नाश करील. आणि प्रत आहे एवढ्यावर विसंबूं नये. महिन्यांतून एकदां ती दुसऱ्या यंत्रावर उघडून एखाद्या शेतकऱ्याचें खातें शेवटच्या नोंदीपर्यंत वाचून पाहावें. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेलें नाणें होय.

तेव्हां पुतण्यानें प्रथम काकांस चार प्रश्न विचारावे: दिवसास किती बिलें होतात, वीज किती वेळ जाते, दुकानांत ऊन कोठवर येतें, आणि दुरुस्तीचें सर्वांत जवळचें केंद्र कोठें आहे. मग यंत्र निवडावें. परत करण्याची मुदत माहीत करून घ्यावी, आणि त्या मुदतींतच तें दुकानांत नेऊन खऱ्या कामास लावावें. भर दुपारीं सलग दोन तास बिलें करावीं, चार्जर काढून बॅटरी किती चालते तें घड्याळावर पाहावें, मराठी बिल छापावें, आणि शेवटीं हिशेबाची प्रत काढून ती दुसऱ्या यंत्रावर उघडावी. एवढ्या कसोट्यांस उतरलेलें यंत्र नांवानें मोठें नसलें तरी दुकानास योग्य समजावें. दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं आतां पुष्कळ पेढ्यांवर चोपड्यांच्या शेजारीं लॅपटॉपही मांडला जातो. हळद-कुंकू वाहण्यापूर्वीं वर्षाच्या हिशेबाची एक प्रत काढून तिजोरींत ठेवण्याचा प्रघात त्याच दिवशीं पाडला, तर यंत्रें बदलत गेलीं तरी खातीं कायम राहतील.